सिलिका फ्यूमचं काँक्रीट मराठवाड्याच्या उन्हात: गोणी फोडण्यापासून पाणी मारण्यापर्यंत

सिलिका फ्यूम टाकलं की काँक्रीट मजबूत होतं, एवढं ऐकून गोण्या मागवल्या जातात आणि नेहमीच्या मालात ओतल्या जातात. दुसऱ्या दिवशी फरशीवर रेघा दिसल्या की दोष पावडरीला लागतो. पावडर तिचं काम चोख करते, पण तिच्या अटी असतात. ती सुटी मिसळली गेली पाहिजे, पाणी वजन करून पडलं पाहिजे आणि माल पसरल्यापासून पहिले काही तास पृष्ठभाग वाळता कामा नये. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ही शेवटची अट सगळ्यात जड जाते. साइटवर नव्याने उभे राहणारे अभियंते, छोटे ठेकेदार आणि मिस्त्री यांनी पहिल्यांदा हे काँक्रीट करताना काय करायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

ही पावडर नेमकी काय आहे

सिलिकॉन किंवा फेरोसिलिकॉन हा मिश्रधातू विजेच्या भट्टीत बनवताना जो धूर निघतो, तो कापडी गाळण्यांत पकडतात. तेच सिलिका फ्यूम. बाजारात त्याला मायक्रोसिलिकाही म्हणतात. जालन्यात स्टीलच्या एवढ्या भट्ट्या असताना हा माल तिथेच स्वस्तात मिळेल, असं काहींना वाटतं. तसं नाही. स्टीलच्या भट्टीच्या धुळीत मुख्यतः लोखंडाचे ऑक्साइड असतात. ती धूळ काँक्रीटमध्ये सिलिका फ्यूम म्हणून चालत नाही, कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

सिलिका फ्यूमचा कण सिमेंटच्या कणापेक्षा साधारण शंभर पट बारीक असतो. भारतीय मानक १५३८८ प्रमाणे त्याचं पृष्ठफळ ग्रॅमला किमान १५ चौरस मीटर लागतं, म्हणजे किलोला १५,००० चौरस मीटर. सिमेंटचं पृष्ठफळ किलोला ३०० च्या आसपास असतं. म्हणजे एक किलो सिलिका फ्यूमच्या कणांचं पृष्ठफळ सिमेंटच्या अख्ख्या ५० किलोच्या गोणीएवढं भरतं. हा एक आकडा डोक्यात पक्का बसला की पुढचं बरंच कोडं सुटतं. एवढं पृष्ठफळ ओलं करायला पाणी लागतं. ते नुसतं पाणी वाढवून दिलंत, तर पावडरीने जे कमावलं ते पाण्याने घालवलं. म्हणून सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, इथे ऐच्छिक नाही.

फायदा दोन बाजूंनी होतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना सुटतो. त्याला स्वतःची ताकद फारशी नसते आणि पाण्यात तो विरघळतो. सिलिका फ्यूम त्या चुन्याशी संयोग पावून सिमेंटसारखाच चिकट, घट्ट पदार्थ तयार करतं. दुसरं म्हणजे गिट्टीच्या कडेला, विशेषतः तिच्या पोटाखाली, साध्या काँक्रीटमध्ये पाणी साचून पोकळ पट्टा राहतो. बारीक कण तो पट्टा भरून काढतात. साध्या काँक्रीटचा फुटलेला क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेला ठोकळा, हातात घेऊन बघा. बऱ्याच ठिकाणी गिट्टी अखंड सुटून आलेली असते आणि समोरच्या तुकड्यात तिचा गुळगुळीत खळगा दिसतो. चांगल्या सिलिका फ्यूम काँक्रीटमध्ये तडा गिट्टीला वळसा न घालता तिलाच कापत जातो, आणि काळ्या पाषाणाचे ताजे, करकरीत कापलेले तोंड दोन्ही तुकड्यांवर दिसतं.

कुठे वापरायचं आणि कुठे नाही

घराच्या एम-२० किंवा एम-२५ स्लॅबला (एम-पुढचा आकडा म्हणजे २८ दिवसांची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये) याची गरज नाही. तिथे तोच पैसा पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट, सळईवर योग्य कव्हर आणि दहा दिवस नीट पाणी मारणं यावर खर्च केला तर जास्त हाती लागतं. सिलिका फ्यूमची किंमत सिमेंटच्या कितीतरी पट असते आणि सोबत सुपरप्लास्टिसायझरचा खर्च येतो.

खरा उपयोग होतो तो झीज, पाझर आणि क्षार यांच्याशी गाठ असते तिथे. कोल्हापुरी बंधाऱ्याचं एप्रन, म्हणजे पाणी पडतं तिथली पायथ्याची फरशी, हे आपल्याकडचं अगदी चपखल उदाहरण आहे. पुरात वाळू-गोटे घासत जातात आणि साधं काँक्रीट काही पावसाळ्यांतच गिट्टी उघडी टाकतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या किंझुआ धरणाच्या पायथ्याशी असलेल्या स्टिलिंग बेसिनची (पाण्याचा जोर मोडणाऱ्या हौदाची) अशीच झीज झाली होती. १९८३ मध्ये त्याची दुरुस्ती सिलिका फ्यूमच्या काँक्रीटने केली आणि तेव्हापासून झीज रोखण्यासाठी ही पावडर जगभर नावाजली गेली. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या जड फोर्कलिफ्टच्या फरशा, सांडपाण्याच्या टाक्या, क्षारयुक्त पाणी लागणारे पाये, मुरघासाचे हौद ही आणखी काही ठिकाणं.

साखर कारखान्यात मात्र अपेक्षा नीट ठेवा. मळी आणि आंबलेला रस यांतली आम्लं सिमेंटच खातात. सिलिका फ्यूममुळे आत शिरण्याचा वेग कमी होतो, पण आम्ल सतत सांडत असेल तर वरून आम्लरोधक थर लागतोच.

माल घेताना

साधारण २५ किलोच्या गोणीत घनरूप केलेलं, म्हणजे बारीक कण एकत्र आणून दाणेदार केलेलं, सिलिका फ्यूम येतं. कंपनीकडून त्या बॅचचं चाचणी प्रमाणपत्र मागा आणि हे आकडे तपासा: सिलिका किमान ८५ टक्के, ओलावा ३ टक्क्यांच्या आत, जळून होणारी घट ४ टक्क्यांच्या आत, ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर राहणारा भाग १० टक्क्यांच्या आत. घट जास्त असेल तर त्यात न जळलेला कोळसा असतो आणि तो सुपरप्लास्टिसायझर शोषून घेतो.

साइटवर एक सोपी पडताळणी करता येते. एक लिटरचं माप हलक्या हाताने, न ठोकता भरा आणि वजन करा. घनरूप सिलिका फ्यूम साधारण ४८० ते ७२० ग्रॅम भरतं. ८०० च्या वर गेलं तर त्यात राख किंवा आणखी काही मिसळल्याचा संशय घ्या आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा. गोण्या लाकडी फळ्यांवर, कोरड्या जागी ठेवा. सिमेंटसारखं हे ओलाव्याने दगड होत नाही, पण गोळे धरतं आणि ते गोळे मिक्सरमध्ये फुटत नाहीत.

पावडर हवेत उडते. गोणी फोडणाऱ्याने एन-९५ मास्क आणि चष्मा लावल्याशिवाय गोणीला हात लावू नये. तोंडावर रुमाल बांधून भागत नाही, इतका हा कण बारीक आहे.

सिमेंट, गिट्टी आणि क्रश सँड

सिमेंट ५३ ग्रेडचं ओपीसी (राख न मिसळलेलं साधं सिमेंट) घ्या. पीपीसीत आधीच १५ ते ३५ टक्के राख असते. तिच्यावर सिलिका फ्यूम घातलं की दोघांनाही तोच चुना हवा असतो आणि राखेचं प्रमाण आपल्या हातात नसतं. राख हवीच असेल, उदाहरणार्थ जाड भागात उष्णता कमी ठेवण्यासाठी, तर ओपीसी घेऊन परळीच्या औष्णिक केंद्राची राख आणि सिलिका फ्यूम वेगवेगळी वजन करून घाला. असा तिहेरी मेळ चांगला बसतो. राखेच्या गोल कणांमुळे मालाचा चिकटपणाही कमी होतो.

आपल्या काळ्या पाषाणाची गिट्टी या कामाला उत्तम, पण खाणीतला घट्ट थर निवडा. भोकाभोकांचा, पांढऱ्या-हिरवट गारा भरलेला दगड नको.

क्रश सँडकडे, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूकडे, जास्त लक्ष द्या. बऱ्याच साइटवर सगळं गणित इथेच फसतं. बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, कुजला की त्यातून फुगणारी चिकणमाती तयार होते, आपल्या काळ्या रानात असते तीच. खाणीवरची माती नीट काढली नाही किंवा दगडासोबत मुरूम क्रशरमध्ये गेला, तर ही माती क्रश सँडमध्ये उतरते. आधुनिक पीसीई जातीचं सुपरप्लास्टिसायझर या मातीच्या पापुद्र्यांत शिरून अडकतं आणि सिमेंटपर्यंत पोचतच नाही. मग मिस्त्री म्हणतो, "साहेब, केमिकल कामच करंना." केमिकलचा यात दोष नसतो. धुतलेली क्रश सँड घ्या, प्रयोगशाळेतून ही माती किती आहे ते दाखवणारी मिथिलीन ब्लू चाचणी करून घ्या आणि १५० मायक्रॉनखालचा भाग २० टक्क्यांच्या आत आहे ना ते बघा.

मिसळायचं पाणी बोअरचं असेल तर तपासून घ्या. भारतीय मानक (आयएस) ४५६ प्रमाणे लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आणि सल्फेट ४०० मिलिग्रॅमच्या आत हवं, सामू ६ च्या खाली नको.

मिश्रण मांडताना

आयएस ४५६ सिलिका फ्यूमचं प्रमाण सिमेंटच्या ५ ते १० टक्के सांगतं. पहिल्या कामाला ८ टक्के धरा. ५ च्या खाली फरक कळत नाही, १० च्या वर माल डिंकासारखा चिकट होतो आणि आकुंचन वाढतं.

एम-५० च्या फरशीसाठी ट्रायलची सुरुवात करायला एक मांडणी देतो. आयएस १०२६२ प्रमाणे लक्ष्य ताकद ५० + १.६५ × ५ = ५८.२५ न्यूटन प्रति चौरस मिमी येते (५ हे प्रमाण विचलन). गिट्टीचं विशिष्ट गुरुत्व २.८५ आणि क्रश सँडचं २.७५ धरलं आहे. तुमच्या खाणीचे आकडे वेगळे असतील तर हिशोब बदला.

एका घनमीटरला: सिमेंट ४०० किलो, सिलिका फ्यूम ३२ किलो, पाणी १५५ लिटर, २० एमएम गिट्टी ७०८ किलो, १० एमएम गिट्टी ४७२ किलो, क्रश सँड ७५९ किलो, पीसीई सुपरप्लास्टिसायझर ३.९ किलो. पाणी आणि बांधक पदार्थ यांचं गुणोत्तर १५५ ÷ ४३२, म्हणजे ०.३६ येतं. त्यात सिलिका फ्यूम धरायला विसरू नका.

एका सिमेंट गोणीला: सिलिका फ्यूम ४ किलो, पाणी १९.४ लिटर, २० एमएम ८८.५ किलो, १० एमएम ५९ किलो, क्रश सँड ९५ किलो, सुपरप्लास्टिसायझर ४९० ग्रॅम, म्हणजे साधारण ४५० मिलिलिटर. एवढा माल १२५ लिटर होतो आणि आपल्या १०/७ मिक्सरमध्ये आरामात बसतो. दोन गोण्यांचा माल एकदम भरायचा मोह टाळा.

घमेल्याने किंवा फर्म्याने मोजायची सवय इथे चालत नाही, साइटवर वजनकाटा हवाच. सिलिका फ्यूमच्या ४-४ किलोच्या प्लास्टिक पिशव्या आदल्या दिवशी भरून, तोंड बांधून ठेवा. कामाच्या गर्दीत २५ किलोच्या गोणीतून अंदाजाने चार किलो काढले, तर एका बॅचला तीन आणि पुढच्या बॅचला सहा जातात. सुपरप्लास्टिसायझरसाठी खुणा असलेलं मोजपात्र ठेवा. तोडलेली पाण्याची बाटली हे माप नाही.

ओलाव्याचा हिशोब

वरचे आकडे गिट्टी आणि सँड आतून भिजलेली पण वरून कोरडी आहे असं धरून आहेत. प्रत्यक्षात तसं कधीच नसतं. समजा सँड २.५ टक्के आणि गिट्टी १.२ टक्के पाणी शोषते.

मे महिन्यात सँडमध्ये ०.५ टक्के आणि गिट्टीत ०.२ टक्के ओलावा असेल, तर घनमीटरमागे सँड १५ लिटर आणि गिट्टी जवळपास १२ लिटर पाणी पिते. गोणीमागे सुमारे ३.४ लिटर जास्त घालावं लागतं. जुलैत सँड ६ टक्के आणि गिट्टी १.७ टक्के ओली असेल, तर तेच साहित्य उलट घनमीटरला ३२ लिटरच्या आसपास पाणी घेऊन येतं, म्हणजे गोणीमागे ४ लिटर कमी करायचं. पावसाळ्यात हे कमी केलं नाही, तर ०.३६ चं गुणोत्तर ०.४३ वर जातं आणि एम-५० चे क्यूब फेल होतात. रोज सकाळी आणि पाऊस पडून गेल्यावर पुन्हा एकदा, अर्धा किलो सँड कढईत परतून कोरडी करा, वजनातला फरक काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

मिक्सरमध्ये घालायचा क्रम

घनरूप पावडरीचे दाणे फोडायचं काम गिट्टी करते. म्हणून सिलिका फ्यूम गिट्टीसोबत, सिमेंटच्या आधी आत गेलं पाहिजे. दाणे फुटले नाहीत तर पावडरीचा उपयोग नाही, वर मोठे गोळे पुढे सिमेंटमधल्या अल्कलीशी संयोग पावून फुगू शकतात.

१. ओलाव्याप्रमाणे दुरुस्त केलेल्या पाण्याचा तीन चतुर्थांश भाग (दुरुस्ती नसेल तर १४.५ लिटर) मिक्सरमध्ये.
२. दोन्ही मापांची सगळी गिट्टी.
३. मिक्सर फिरत असताना सिलिका फ्यूम हळूहळू. पिशवी एकदम पालथी घालू नका. दीड मिनिट फिरवा.
४. सिमेंट. पुन्हा दीड मिनिट.
५. क्रश सँड.
६. उरलेल्या पाण्यात सुपरप्लास्टिसायझर मिसळून ते आत. पाच मिनिटं फिरवा.

चौथ्या-पाचव्या टप्प्यावर माल कोरडा, भुरभुरीत दिसतो आणि मिक्सरवाल्याचा हात हमखास पाण्याच्या बादलीकडे जातो. तिथे थांबवा. सुपरप्लास्टिसायझर गेल्यावर दोन-तीन मिनिटांनी माल अचानक सैल होतो.

एका बॅचला मिसळायलाच आठ मिनिटं, भरणं-ओतणं धरून अकरा. म्हणजे तासाला पाच-सहा बॅच, पाऊण घनमीटरहून थोडं कमी. चार बाय चार मीटरचा, १५० मिमी जाडीचा एक पॅनेल २.४ घनमीटरचा, त्याला एकोणीस-वीस बॅच आणि साडेतीन तास. हे आधी मांडलं नाही तर मधेच सांधा पडतो. दोन मिक्सर लावा किंवा पॅनेल लहान घ्या.

आरएमसीचा, म्हणजे प्लँटमधून ट्रकने येणारा तयार माल घेत असाल तर प्लँटला हाच क्रम सांगा, ट्रक काठोकाठ भरू देऊ नका, आणि सगळं साहित्य गेल्यावर ड्रम पूर्ण वेगाने ७० ते १०० फेऱ्या फिरला का, हे विचारा.

ट्रायल

खऱ्या कामाच्या किमान पाच आठवडे आधी ट्रायल घ्या, म्हणजे २८ दिवसांचे क्यूब हातात येतात. सुपरप्लास्टिसायझर बांधक पदार्थांच्या ०.७ टक्क्यापासून सुरू करून वाढवत न्या. स्लंप, म्हणजे साचा उचलल्यावर माल किती खाली बसतो ते माप, १२० ते १५० मिमी ठेवा. हे काँक्रीट चिकट असल्याने त्याच कामाला साध्या मालापेक्षा ४०-५० मिमी जास्त स्लंप लागतो. मिसळल्यावर लगेच, ३० मिनिटांनी आणि ६० मिनिटांनी मोजा, आणि ट्रायल कामाच्या वेळी जेवढं ऊन असेल तेवढ्याच उन्हात घ्या. एसी प्रयोगशाळेतला स्लंप बीडच्या दुपारी टिकत नाही.

पहिले काही तास

साधं काँक्रीट पसरल्यावर थोड्या वेळाने वर पाणी सुटतं. ते उडून जातं तोवर पृष्ठभाग ओला राहतो. सिलिका फ्यूमच्या काँक्रीटला असं पाणी जवळजवळ सुटतच नाही, सगळं पाणी त्या बारीक कणांनी धरून ठेवलेलं असतं. त्यामुळे ऊन-वारा थेट काँक्रीटच्या आतलं पाणी ओढतो. वरची कातडी आकसते, खालचा माल ओलाच असतो, आणि फूट-दोन फुटांच्या अंतराने समांतर तडे जातात. हे सगळं पहिल्या काही तासांत होतं, माल घट्ट व्हायच्या आत.

धोका किती आहे हे आधीच काढता येतं. सूत्र असं: (काँक्रीटचं तापमान + १८) याचा २.५ वा घात घ्या. त्यातून आर्द्रता गुणिले (हवेचं तापमान + १८) चा २.५ वा घात वजा करा. उत्तराला (वाऱ्याचा वेग + ४) ने आणि ५ ने गुणा, दहा लाखांनी भागा. तापमान सेल्सिअसमध्ये, वारा ताशी किलोमीटरमध्ये, आर्द्रता अपूर्णांकात. २० टक्के असेल तर ०.२. उत्तर येतं ते एका चौरस मीटरवरून तासाला उडणारं पाणी, किलोमध्ये.

मे महिन्यातली दुपार धरा: हवा ४० अंश, आर्द्रता २० टक्के, काँक्रीट ३५ अंश, वारा ताशी १५ किमी. उत्तर सुमारे १.५ किलो. त्याच दिवशी उशिरा रात्री हवा २८, आर्द्रता ४० टक्के, काँक्रीट ३०, वारा ५ असेल तर उत्तर ०.४६. साध्या काँक्रीटला १ किलोच्या पुढे धोका मानतात. सिलिका फ्यूमच्या काँक्रीटला ०.५ हीच मर्यादा धरा. म्हणजे उन्हाळ्यात हे काम रात्री किंवा भल्या पहाटे करायचं. दिवसा करायला लागूच नये असं वेळापत्रक बांधा आणि उजेडाची सोय आधी करा.

त्या आकड्यात वारा किती जड पडतो बघा. म्हणून वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री किंवा हिरवी जाळी उभी बांधा, गच्चीवरच्या कामाला तर नक्कीच.

माल थंड ठेवण्यासाठी गिट्टीच्या ढिगावर सावली करा आणि पाण्याची टाकी पांढऱ्या गोणपाटाने झाका. पाणी २ अंशांनी थंड केलं तर काँक्रीट अर्ध्या अंशाने उतरतं, गिट्टी १ अंशाने उतरली तरी तेवढाच फरक पडतो. मोठा वाटा गिट्टीचाच आहे. बर्फ वापरायचा तर फोडून, वजन करून, तेवढं पाणी कमी करून घाला. माल मिक्सरमधून निघण्याआधी तो पूर्ण विरघळलेला हवा. पसरताना काँक्रीट ३२ अंशांच्या आत ठेवायचा प्रयत्न करा.

आता पसरण्याची पद्धत. खालचा पाया ओला करा, पण पाणी साचू देऊ नका. माल टाका, व्हायब्रेटर जवळजवळ अंतरावर लावा, कारण चिकट मालातून हवा सहज निघत नाही. रूळ-पट्टीने लेव्हल करा, लगेच रंधा मारा. पाणी सुटायची वाट बघत बसू नका, ते सुटणार नाही. रंधा पुढे सरकला की त्याच्या मागोमाग धुक्यासारखा फवारा. यासाठी शेतातला पाठीवरचा फवारणी पंप बारीक नोझल लावून छान चालतो, फक्त तो नवा असावा, तणनाशक मारलेला नको. नोझल काँक्रीटच्या वर हवेत धरा, पृष्ठभागावर रोखू नका. हवा दमट ठेवायची आहे, फरशी भिजवायची नाही. मशिनने घोटाई करायची असेल तर प्रत्येक फेरीच्या मधे हा फवारा चालू ठेवा. वरची कातडी वाळलेली आणि खाली माल लिबलिबीत, अशी स्थिती आली की घोटाईत पापुद्रे सुटतात.

दोन सवयी मिस्त्र्यांना प्रेमाने पण ठामपणे मोडायला लावाव्या लागतात. थापी चिकटते म्हणून वर पाणी शिंपडून घोटणं, आणि वरून कोरडं सिमेंट भुरभुरणं. दोन्हींमुळे वरचा थर कच्चा होतो आणि फरशीला झिजेपासून वाचवायला खर्च केलेला पैसा त्याच थरात वाया जातो.

माल मऊ असतानाच तडे दिसले तर घाबरू नका. त्या भागावर पुन्हा व्हायब्रेशन द्या किंवा रंधा दाबून मारा, तडे मिटतात. लगेच झाका. घट्ट झाल्यावर मात्र वरवर सिमेंटचं पाणी भरून काही साधत नाही.

पाणी मारणं

घोटाई संपली की त्याच तासात प्लास्टिक कागद अंथरा किंवा क्युरिंग कंपाउंड (पाणी उडू न देणारा लेप) मारा. पाय उमटेनासा झाला की ओलं गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक, कडांना विटा. कंपाउंड मारलं म्हणून गोणपाट सोडू नका. आयएस ४५६ अशा मिश्रणाला किमान १० दिवस सांगतं आणि १४ पर्यंत न्यायची शिफारस करतं. उन्हाळ्यात १४ धरा. या काळात एकदा जरी ते कडकडीत वाळलं तरी वरच्या थरातला संयोग थांबतो आणि नंतर ओलं करून तो पुरता भरून निघत नाही.

पाण्याची सोय माल टाकण्याआधी हवी. १०० चौरस मीटरवर ५० मिमी पाणी साचवायचं तर एका भरणीलाच ५,००० लिटर लागतं. गोणपाट-प्लास्टिक पद्धतीत ते बरंच वाचतं, पण रोजची भर लागतेच. टँकर ठरलेला नसेल तर काम पुढे ढकला.

फरशीचे सांधे पुढच्या काही तासांत, कडा न तुटता करवत चालू लागली की लगेच कापा. १५० मिमी जाडीला ४ ते ४.५ मीटर अंतर आणि सुमारे ४० मिमी खोली ठेवा. कमी पाण्याचं काँक्रीट आतूनही आकसतं, सांधा उशिरा कापला तर तडा आपली जागा स्वतःच शोधतो.

बिघाड ओळखताना

स्लंप अर्ध्या तासात मेला तर सगळ्यात आधी सँडमधली माती आणि मालाचं तापमान तपासा, मग सुपरप्लास्टिसायझर आणि सिमेंट एकमेकांशी जुळतात का ते बघा. फुटलेल्या क्यूबमध्ये काळपट ठिपके-गोळे दिसले तर मिसळण्याचा क्रम किंवा वेळ चुकली. पृष्ठभागाला भोकं राहिली तर व्हायब्रेटर कमी पडला. रंग साध्या काँक्रीटपेक्षा गडद येणं हा दोष नाही, आणि पॅनेलागणिक रंग बदलत असेल तर वजनात गडबड आहे असं समजा.

क्यूब कमी भरले तर ते ज्या मशिनवर फोडले ते मशिनही बघा. आपल्याकडे बऱ्याच साइटवर १,००० किलोन्यूटनचं हाताने चालवायचं मशिन असतं. १५० मिमीच्या क्यूबचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिमी, म्हणजे ते मशिन ४४ न्यूटन प्रति चौरस मिमीच्या पुढे जाऊच शकत नाही. एम-५० चा चांगला क्यूब १,३०० किलोन्यूटनच्या वर मागतो. २,००० किलोन्यूटनच्या मशिनवर न्या, किंवा २० एमएम गिट्टी असल्याने १०० मिमीचे क्यूब भरा, त्यांना ६०० किलोन्यूटनच्या आसपास पुरतं. अहवालात क्यूबचा आकार लिहायला सांगा. भार मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी या वेगाने चढवायचा असतो. घाईने हापसून चढवला तर आकडा फुगून येतो आणि तो आकडा फरशीच्या काहीच उपयोगाचा नाही.